मंडईचे नाटक, महासाथीचे नियम आणि प्रेक्षकाचे मन

दिवाळी आटोपून धानाची कापणी मार्गी लागली की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे त्यातलेच एक गाव, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेजवळचे. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असते मिरचीमुळे. पण या भागात हिवाळ्यात गेलात तर बसथांब्याच्या भिंतीवर मिरचीच्या भावापेक्षा नाटकांची रंगीत भित्तिपत्रकेच अधिक दिसतील.

इथे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. वर्षातून एकदा भरणारी ही गावची जत्रा. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पाहुण्यांची सरबराई होते, सोयरिकी जुळतात आणि रात्री नाटक असते. रात्री साडेनऊ-दहाला पडदा उघडतो तो पहाटेच मिटतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या धंद्याचे केंद्र. तिथे डझनावारी नाट्यमंडळांची कार्यालये हंगामापुरती उघडतात आणि गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवतात. सरकारी अनुदानावर नव्हे, तिकिटाच्या पैशावर चालणारी ही रंगभूमी आहे. तिचे एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांचे तिकडे जरा लक्ष गेले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की २०२० ते २०२२ या काळात कोविडचे जे नियम नाटकांना लागू झाले, ते बहुतेक शहरातले बंदिस्त नाट्यगृह डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. खुर्च्यांच्या रांगा, एक सोडून एक आसन, दारावर तापमान तपासणी. झाडीपट्टीचा प्रेक्षक यात कुठेच बसत नव्हता. म्हणूनच ‘लोक नियम का पाळतात आणि का पाळत नाहीत’ हा प्रश्न समजून घ्यायला मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहापेक्षा केशोरीच्या आसपासची मंडई अधिक उपयोगी आहे.

आधी तारखा पाहू. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. महाराष्ट्रात ती निम्म्या प्रेक्षकांसह उघडण्यास परवानगी मिळाली ५ नोव्हेंबर २०२० पासून, म्हणजे दिवाळीच्या सव्वा आठवडा आधी. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा टाळे. मग २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्मी परवानगी, याही वेळी दिवाळीच्या तोंडावर. नाटक ठरवणे, विसार देणे, नट-वादक बांधून घेणे ही कामे झाडीपट्टीत त्याआधीच व्हावी लागतात. त्यातही ओमायक्रॉन आला आणि डिसेंबर २०२१ च्या अखेरीस रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत पाचांहून अधिक माणसांनी एकत्र जमण्यास मनाई झाली. जानेवारीत रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी आली. ज्या रंगभूमीचा पडदाच दहाला उघडतो तिच्यासाठी हा पूर्णविराम होता. चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढणारे नट, ऑर्गन-तबलेवाले, पडदेवाले, चहाच्या टपऱ्या लावणारे असे अनेक संसार त्या काळात रोजंदारीवर आले.

‘विषाणू काय रात्रीच हिंडतो?’ हा विनोद त्या दिवसांत महाराष्ट्रभर ऐकू येत होता. विनोद म्हणून ठीक आहे, पण त्यामागे एक मनोवृत्ती आहे आणि तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे. नियमाचे कारण समजले नाही की माणूस तो नियम मूर्खपणाचा ठरवतो. आणि एक नियम मूर्खपणाचा ठरला की त्याच्या सोबतचे चांगले नियमही बदनाम होतात. रात्रीच्या बंदीमागचा हेतू शहरांतील नववर्षाच्या मेजवान्या, बंद हॉलमधली गर्दी रोखणे हा असावा हे उघड आहे. मंडईच्या प्रेक्षकाला ते कोणी सांगितले नाही. त्याला दिसले इतकेच की दिवसा आठवडी बाजार भरतो आणि रात्री नाटक बंद.

माणूस धोक्याचा अंदाज कसा करतो याचा शोध कोविडच्या बराच आधी सुरू झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी क्ष-किरण तपासणीच्या गाड्या घराजवळ उभ्या राहत. तपासणी फुकट होती, तरी पुष्कळ लोक फिरकत नसत. गॉडफ्री हॉकबाउम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांना त्याचे कारण विचारले. ‘हा रोग मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळले तर फायदा आहे’ अशा दोन्ही गोष्टी ज्यांना पटत होत्या त्यांतल्या १०० पैकी ८२ जणांनी स्वतःहून तपासणी करून घेतली होती. दोन्ही न पटणाऱ्यांत हे प्रमाण फक्त २१ होते. पुढे या धाग्यावरच आरोग्य-श्रद्धा प्रतिमान नावाची मांडणी उभी राहिली. तिचे सार सोपे आहे. माणूस मनातल्या मनात हिशेब मांडतो : मला होईल का, झाले तर किती वाईट, हा उपाय चालतो का, आणि त्याची मला किंमत किती पडेल?

मंडईच्या रात्री हा हिशेब मांडून पाहा. २०२० च्या हिवाळ्यात अनेक खेड्यांत कोविड हा शहराचा, परतून आलेल्या मजुरांचा रोग मानला जाई. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तो घरोघर पोचला आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदम बदलले. मग लसी आल्या, ओमायक्रॉन तुलनेने सौम्य निघाला आणि उत्तर पुन्हा बदलले. नियम तेच असूनही त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी दर हंगामाला वेगळी होती. याला लोकांचा धरसोडपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. माहिती बदलली तसा त्यांचा हिशेब बदलला.

किमतीचा प्रश्नही तितकाच खरा. सात-आठ तास मास्क लावून बसायचे, मध्ये चहा, भजी, खर्रा आहेच. चष्म्यावर वाफ धरते. दुसरीकडे हेही लक्षात घ्या की डिसेंबरच्या थंडीत या प्रेक्षकांतील निम्म्या लोकांचे नाक-तोंड आधीच झाकलेले असते. कुणाचा मफलर, कुणाची शाल, बायांचा पदर. तोंड झाकण्याची लाज किंवा अडचण तिथे मुळात नव्हतीच. सैल विणीच्या मफलरमधून सूक्ष्म कण सहज आरपार जातात हे खरे. पण ‘मफलर आहेच, त्याच्या आत मास्क घाला’ असे सांगणे आणि ‘मास्क नसेल तर दंड’ असे सांगणे यांत किती फरक आहे!

आता गर्दीकडे वळू. एकटा माणूस आणि गर्दीतला माणूस यांचे वागणे सारखे नसते. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला. एका खोलीत प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्याच्या समोर भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. विद्यार्थी एकटा असेल तर १०० पैकी ७५ जणांनी उठून बाहेर खबर दिली. पण त्याच्यासोबत प्रयोगकर्त्यांची दोन माणसे बसवली आणि ती धुराकडे दुर्लक्ष करून लिहीत राहिली, तेव्हा फक्त १० टक्क्यांनीच खबर दिली. बाकीचे डोळे चोळत, खोकत तिथेच बसून राहिले. ‘हे दोघे शांत आहेत त्याअर्थी काही विशेष नसावे’ असा त्यांनी अर्थ लावला.

नाटकाच्या मंडपात हेच घडते. शेजारचे दहा जण मास्क हनुवटीवर घेऊन बसलेले दिसले की अकराव्याचा मास्कही खाली सरकतो. गंमत अशी की त्या दहांपैकी प्रत्येक जण मनातून थोडा धास्तावलेला असू शकतो. पण दुसऱ्याच्या मनातली धास्ती दिसत नाही, दिसते ती त्याची उघडी हनुवटी. याला समाजशास्त्रात सामूहिक गैरसमज म्हणता येईल : प्रत्येकाला वाटते की काळजी करणारा मी एकटाच. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत याचा उताराही सापडतो. सगळा गट एकमुखाने चुकीचे उत्तर देत असताना एकाच साथीदाराने बरोबर उत्तर दिले, तर बावरलेला माणूसही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे धैर्य करतो. पुढच्या रांगेत सरपंच, गुरुजी, आशाताई मास्क लावून बसल्या तर मागच्या रांगांना तेवढा आधार पुरतो. दंडाची पावती ते काम करू शकत नाही.

प्रेक्षकांना कोणते नियम पटतात? जे डोळ्यांना दिसतात ते. दारावर हातात सॅनिटायझरचा फवारा मिळाला, कपाळावर तापमापक रोखला गेला, खुर्च्यांवर औषध शिंपडलेले दिसले की बरे वाटते. डेरेक थॉम्पसन या अमेरिकी पत्रकाराने जुलै २०२० मध्ये या प्रकाराला ‘स्वच्छतेचे नाटक’ म्हटले. हात धुणे चांगलेच, ते चालू ठेवावे. पण कोविडचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो. शिवाय बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू लागतो, तेव्हा त्याला ताप नसतो. त्यातून डिसेंबरच्या रात्री दोन किलोमीटर सायकल मारत आलेल्या माणसाचे कपाळ इतके गार असते की खरोखर ताप असला तरी तापमापक ‘ठीक’ सांगून मोकळा होईल.

न दिसणारी गोष्ट म्हणजे हवा. बोलताना, हसताना, गाताना तोंडातून वेगवेगळ्या आकाराचे थेंब उडतात. शांत हवेत दीड मीटर उंचीवरून सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला सुमारे अर्धा तास लागतो. १ मायक्रॉनचा कण बारा तास तरंगू शकतो, म्हणजे अख्खे नाटक संपेपर्यंत. आवाज जितका मोठा तितके कण अधिक. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. ते सर्व जण बंद सभागृहात गात होते.

मग उघड्या आकाशाखालचे नाटक सुरक्षित का? बंद सभागृहापेक्षा नक्कीच बरे, पण ‘उघडे’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. झाडीपट्टीत कुठे वर आकाश मोकळे असते, कुठे मंडप असतो. बाजूंनी मात्र तिकिटासाठी कनाती लावलेल्या असतात. काही गावांत मागच्यांना दिसावे म्हणून जमीन खोदून उतार करतात, म्हणजे प्रेक्षक जणू एका उथळ खड्ड्यात बसतो. हिवाळ्याच्या रात्री वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. हे पाहायला कोणतेही उपकरण नको. शेकोटीचा धूर पाहा. तो सरळ वर चढून नाहीसा होत असेल तर श्वासही तसाच जाईल. तो कमरेएवढ्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहिला असेल तर समजावे की हजार माणसांचे उच्छ्वासही तिथेच रेंगाळत आहेत. अशा रात्री मागच्या बाजूच्या दोन कनाती उचलून बांधणे हा सॅनिटायझरच्या दहा बाटल्यांपेक्षा मोठा उपाय आहे. मात्र कनात उचलली की फुकटे आत डोकावणार, ही आयोजकाची अडचणही खरीच.

निम्म्या प्रेक्षकांच्या नियमाबद्दलही लोकांच्या मनात शंका होती : ‘पाचशेत होत नाही आणि हजारात होतो का?’ हा प्रश्न गणिताच्या तासाला घेण्याजोगा आहे. समजा, दर ५०० माणसांत एक बाधित आहे. हजार प्रेक्षकांत किमान एक बाधित असण्याची शक्यता किती? एक माणूस बाधित नसण्याची शक्यता ०.९९८, ती हजार वेळा गुणली की सुमारे ०.१३५ येते. म्हणजे किमान एक बाधित असण्याची शक्यता ८६ टक्क्यांहून थोडी अधिक. पाचशे प्रेक्षकांत तीच शक्यता सुमारे ६३ टक्के. निम्म्यावर नाही आली! शंका घेणारा इथपर्यंत बरोबर आहे. पण गर्दीत जोड्या किती बनतात ते मोजा. हजार माणसांत ४,९९,५०० जोड्या, पाचशेत १,२४,७५०. प्रेक्षक निम्मे केले की ‘हा त्याला देईल’ अशा संभाव्य जोड्या जवळजवळ चौथाईवर येतात. एका प्रयोगाऐवजी पाचशेचे दोन प्रयोग केले तरी एकूण जोड्या निम्म्याच होतात. मुलांना हे फळ्यावर करून दाखवले तर नियमामागचे कारण त्यांना घोकावे लागत नाही. अर्थात एकच रात्र ठरलेली मंडई दोन प्रयोग करणार कशी, आणि निम्म्या तिकिटांत मंडळाचे ठरलेले पैसे चुकवणार कसे, हे गणित त्यापेक्षा अवघड.

‘एक सोडून एक’ हा नियम तर जमिनीवर चादर अंथरून बसणाऱ्यांना हास्यास्पदच वाटला. आजी, सून आणि दोन नातवंडे एका घरात, एका हवेत राहतात. मंडपात त्यांना एकमेकांपासून तोडून काय मिळणार? अंतर हवे ते दोन चादरींमध्ये. ब्रिटनमध्ये याच विचाराने घरगुती गटांना एकत्र बसू देऊन गटागटांत जागा सोडण्याची पद्धत वापरली गेली. झाडीपट्टीच्या बैठकीला ती आयतीच जुळली असती.

परदेशात या काळात प्रेक्षकांवर प्रत्यक्ष प्रयोगही झाले. स्पेनमधील बार्सिलोना येथे १२ डिसेंबर २०२० रोजी एका बंद सभागृहात संगीताचा कार्यक्रम ठेवला. इच्छुकांची त्याच दिवशी चाचणी करून चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ४६५ जण आत गेले. त्यांना एन-९५ मास्क दिले होते, हवा खेळती ठेवली होती, अंतराची अट नव्हती. ४९५ जणांना आत सोडले नाही. आठवड्यानंतर आत गेलेल्यांत एकही बाधित आढळला नाही, बाहेरच्यांत दोन. इथे घाईने ‘धोका शून्य’ म्हणू नये. ४६५ पैकी शून्य सापडले याचा संख्याशास्त्रीय अर्थ एवढाच की खरा धोका फार तर ३ भागिले ४६५, म्हणजे सुमारे ०.६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. लहान नमुन्यातला शून्य किती मोठा असतो हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाट्यगृहे २०२१ मध्ये पुन्हा उघडली तेव्हा लस घेतल्याचा पुरावा आणि मास्क हे दोन्ही सर्व नाट्यगृहांत सारखेच सक्तीचे केले होते, आणि हे आधीच जाहीर झाले होते. ज्याला अट मान्य नाही तो घरीच राहिला. जो आला तो मान्य करून आला. दारावरची वादावादी अशाने कमी होते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रेक्षकांची मते विचारणाऱ्या पाहण्यांतही हेच दिसले होते की केवळ बंदी उठली म्हणून बहुतेक जण परतायला तयार नव्हते. नाट्यगृहाने काय काळजी घेतली आहे हे त्यांना आधी कळायला हवे होते. नियम म्हणजे प्रेक्षक पळवून लावणारी गोष्ट, असे आयोजकांना वाटते. पुष्कळ प्रेक्षकांसाठी, विशेषतः वयस्कांसाठी, नियम हेच येण्याचे कारण असते.

आपल्याकडे ४ मार्च २०२२ पासून राज्यातील चौदा जिल्ह्यांना नाट्यगृहे पूर्ण क्षमतेने चालवण्याची मुभा मिळाली. निकष होते पहिली मात्रा ९० टक्के, दुसरी ७० टक्के, बाधितांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आणि रुग्णालयातील भरलेल्या खाटा ४० टक्क्यांच्या आत. गोंदिया त्या यादीत होता, शेजारचा गडचिरोली नव्हता. म्हणजे केशोरीकडे नाटकाला मोकळीक, आणि नाट्यमंडळांचे वडसा मात्र निर्बंधात! एप्रिलच्या सुरुवातीला सर्वच निर्बंध उठले, पण तोवर होळी होऊन हंगाम संपला होता.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर प्रश्नावली वाटण्याआधी थोडे थांबा. ‘तुम्ही मास्क लावत होता का?’ असे विचारले तर बहुतेक जण हो म्हणतील, कारण विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे ते त्यांना कळते. म्हणून मोजणी करावी. येत्या मंडईच्या नाटकाला जाणाऱ्या सात-आठ मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीने बसल्या जागेवरून एक ठरावीक भाग निवडून अर्धा तास दोनच गोष्टी टिपायच्या : किती जण खोकले-शिंकले आणि त्यांपैकी किती जणांनी तोंडापुढे रुमाल, पदर किंवा कोपर धरले. कुणाचे नाव लिहायचे नाही. ही मोजणी एकदा नाटकाच्या सुरुवातीला आणि एकदा मध्यरात्रीनंतर करावी. सोबत शेकोटीचा धूर त्या वेळी कसा जात होता तेही लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच गावातल्या वीस जणांना विचारा की खोकताना ते तोंड झाकतात का. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि ते वेगळे का आले ते मुलांनाच विचारा.